शरीर न बघता शारीर शिकवायचं कसं?

आयुर्वेदाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या, महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्व मान्यवरांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझे थोरले बंधू वारले. प्राथमिक शाळेत शिक्षक होते. देहदानाचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने भरून ठेवला होता आणि त्यात हट्टाने एक ओळ घातली होती : देह शक्यतो आयुर्वेद महाविद्यालयाला द्यावा. धाकट्या भावाने, म्हणजे मी, जन्मभर रचना शारीर (शरीररचनाशास्त्र) शिकवलं, एवढंच त्यामागचं कारण. पुतण्याने जवळच्या एका महाविद्यालयाला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "आमच्याकडे हल्ली बॉडी घेत नाहीत हो. टँक बंद आहे. आता सगळं टेबलवरच दाखवतात." टँक म्हणजे देह फॉर्मलिन या रसायनात टिकवून ठेवायचा हौद, आणि टेबल म्हणजे डिजिटल टेबल. माणसाच्या लांबीचा काचेचा पडदा, त्यावर बोट फिरवलं की कातडी जाते आणि स्नायू दिसतात, आणखी फिरवलं की हाडं. दादांचा देह शेवटी एका वैद्यकीय महाविद्यालयाने घेतला. तिथे त्याचा चांगलाच उपयोग होईल. घरात कुणाची त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार माझी आहे, आणि ती फोन उचलणाऱ्या त्या कर्मचाऱ्याविरुद्ध नाही. मागाहून चौकशी केली तेव्हा कळलं की टँक कोरडा पडूनही बराच काळ लोटलाय. डिसेक्शन हॉलमध्ये खुर्च्या मांडून सेमिनार होतात. मधल्या काळात तपासणी होऊन गेली आणि शेरा 'समाधानकारक' असाच पडला. हे एकाच ठिकाणचं असतं तर मी त्या प्राचार्यांना जाऊन भेटलो असतो. पण माझे जुने विद्यार्थी आता ठिकठिकाणी अध्यापक आहेत, त्यांच्याकडून हीच कथा वेगवेगळ्या तालुक्यांतून ऐकतोय. म्हणून उघडपणे लिहितो आहे.

आयुर्वेदाशी संबंध नसलेले लोकही हे वाचतील, तेव्हा त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जाणकारांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल.

आयुर्वेदात शरीराकडे बघण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. एक तऱ्हा जिवंत, खात्यापित्या, झोपत्या-उठत्या शरीराची. चरक म्हणतो, शरीर म्हणजे चेतनेचं अधिष्ठान आणि पंचमहाभूतांच्या विकारांचा समुदाय. सुश्रुत म्हणतो, 'दोषधातुमलमूलं हि शरीरम्', शरीराचं मूळ दोष, धातू आणि मल. वात, पित्त, कफ हे तीन दोष. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सात धातू, एकातून पुढचा तयार होणारे. आणि मल. अन्न पोटात गेल्यापासून त्याचं माणसात रूपांतर कसं होतं आणि कुठे बिघडतं, याचा हा हिशेब आहे.

दुसरी तऱ्हा उघडून, मोजून बघण्याची. तोच सुश्रुत शारीरस्थानात, म्हणजे ग्रंथाच्या शरीरावरच्या विभागात, येतो आणि यादी लावतो : त्वचेचे 7 थर, 300 अस्थी, 210 संधी, 900 स्नायू (ग्रंथातल्या अर्थाने हाडं-सांधे बांधणारे बंध), 500 पेशी (म्हणजे मांसपेशी), 700 सिरा, 24 धमन्या, 107 मर्मं (दुखापत झाल्यास धोक्याच्या जागा). परंपरेत 'शारीरे सुश्रुतः', शारीरात सुश्रुत श्रेष्ठ, म्हणतात ते यामुळेच. आता या दोन तऱ्हांचं नातं काय, हे सुश्रुतानेच पाचव्या अध्यायाच्या शेवटी सांगून ठेवलंय : 'प्रत्यक्षतो हि यद्दृष्टं शास्त्रदृष्टं च यद्भवेत् । समासतस्तदुभयं भूयो ज्ञानविवर्धनम् ॥' डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही एकत्र आलं की ज्ञान वाढतं. हा श्लोक तुमच्या कितीतरी महाविद्यालयांत डिसेक्शन हॉलच्या भिंतीवर रंगवलेला आहे. श्लोक राहिला आणि हॉल गेला, ही माझी पहिली तक्रार.

हा श्लोक ज्या ठिकाणी येतो तिथे त्याच्या लगेच आधी-नंतर काय आहे ते आठवा. ज्याला शल्यकर्म करायचंय त्याने निःसंशय ज्ञानासाठी मृत शरीर नीट शोधून प्रत्येक अंग बघावं, असा स्पष्ट आदेश आहे. मग कृती दिलेली आहे, आणि ती ऐकायला सोवळी नाही. सर्व अवयव शाबूत असलेलं प्रेत घ्यायचं. ते विषाने मेलेल्याचं नको, दीर्घ आजाराने मेलेल्याचं नको, शंभरीला पोचलेल्याचं नको. आतड्यातला मळ काढायचा. मुंज, वल्कल, कुश, ताग अशा कशाने तरी ते गुंडाळायचं, पिंजऱ्यात ठेवायचं आणि आडबाजूला वाहत्या नदीत कुजत घालायचं. सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत जायचं आणि त्वचेपासून आतपर्यंतचं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. ज्या काळात प्रेताला हात लावणं म्हणजे विटाळ, त्या काळात हा माणूस विद्यार्थ्याला नदीकाठी बसवून प्रेत घासायला लावतोय. तुम्हाला आज वातानुकूलित हॉल, फॉर्मलिन आणि स्टीलची टेबलं मिळतात.

'पण सुश्रुतानेही प्रतिकृती वापरल्या होत्या,' असं एका तपासनीसांनी मला ऐकवलं. खरं आहे. सूत्रस्थानातल्या योग्यासूत्रीय अध्यायात छेदनाचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करायला सांगितलाय, सिरावेधाचा (शीर टोचण्याचा) सराव मेलेल्या जनावराच्या सिरांवर आणि कमळाच्या देठावर, आणि पट्ट्या बांधायचा सराव कापडाच्या किंवा मातीच्या पुतळ्यावर. पण ही सगळी हात बसवण्याची सोय आहे. शरीर कसं आहे हे कळून घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने भोपळा पुढे केला नाही, प्रेतच पुढे ठेवलं. डिजिटल टेबल भोपळ्याच्या जागी जरूर ठेवा. ते प्रेताच्या जागी ठेवता येत नाही.

का ठेवता येत नाही, ते हॉलमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी मुलं दारातच घुटमळतात. फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, एखादी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून येते. मग हॉलमधले मामा कापड बाजूला करतात आणि पहिला छेद घेतला जातो. मांडीवरची कातडी उचलायची तर चिमटा घट्ट धरावा लागतो, ती जाड आणि चिवट असते. तोच जोर पापणीवर लावला की कातडी फाटून हातात येते. आता सुश्रुताचा शारीरस्थानातला चौथा अध्याय काढा. तो त्वचेच्या सातही थरांची नावं देतो, अवभासिनीपासून मांसधरेपर्यंत, आणि प्रत्येकीची जाडी भाताच्या दाण्याच्या भागांत सांगतो. पहिली एका दाण्याचा अठरावा भाग, शेवटची दोन दाण्यांएवढी. आणि वर्णन संपता संपता एक खुलासा करतो : हे प्रमाण मांसल जागांचं आहे, कपाळ आणि बारीक बोटं अशा ठिकाणचं नाही. हा खुलासा घोकंपट्टी करणाऱ्याला सुचत नाही. ज्याने दोन्हीकडची कातडी हाताने उचलली आहे त्यालाच तो लिहावासा वाटतो. माझ्या वर्गात पापणी फाडून बसलेल्या मुलांना मी तिथल्या तिथे हे वाक्य वाचून दाखवायचो. पडद्यावर पापणी फाटत नाही.

शिवाय पडद्यावरचा माणूस दर वर्षी तोच असतो. हॉलमध्ये प्रत्येक देह वेगळा निघतो. मनगटाकडे जाणारा पामॅरिस लाँगस नावाचा स्नायू काही हातांत नसतोच. दंडातली धमनी कधी कोपराच्या बरीच वर दुभागलेली सापडते. मुलं म्हणतात, "सर, पुस्तकात असं नाही." तिथून खरं शिकणं सुरू होतं.

नोव्हेंबर 2020 मध्ये तेव्हाच्या केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य आणि शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी 58 शस्त्रक्रियांची यादी जाहीर केली. त्यात 39 सर्वसाधारण शल्याच्या आणि 19 डोळे, कान, नाक, घसा, दात यांच्या. त्यावर केवढा गदारोळ झाला, इंडियन मेडिकल असोसिएशनने डिसेंबरात कामबंद आंदोलन केलं, हे सगळ्यांना आठवत असेल. मी तेव्हा आयुर्वेदाच्या बाजूने भांडलो. आजही भांडेन. पण ज्याच्या हाती सुरी द्यायची त्याने पहिल्या वर्षी एक अख्खा देहसुद्धा उघडून पाहिलेला नसेल, तर समोरच्याला मी उत्तर काय देऊ? तो हक्क तुम्ही मिळवलात आणि त्याचा पाया तुम्हीच उखडताय.

दुसरी तक्रार आकड्यांबद्दल.

चरक अस्थी 360 सांगतो, सुश्रुत 300. आजची शरीररचना प्रौढ माणसात 206 हाडं मोजते. या तीन आकड्यांचं आपल्या वर्गांत काय होतं? ओढूनताणून जमवाजमव होते. गाइडमध्ये तक्ते असतात, इकडून चार घ्या, तिकडून सहा मिळवा, आणि शेवटी 'म्हणून आयुर्वेदाचं म्हणणं आधुनिक विज्ञानाशी तंतोतंत जुळतं' हे वाक्य. त्या वाक्याला गुण मिळतात. वस्तुतः जमवाजमवीची गरजच नाही. चरकाच्या यादीत 32 दात आहेत, दातांच्या 32 खोबणी आहेत, 20 नखं आहेत. सुश्रुत नखं सोडून देतो, दात धरतो, आणि कान-नाकातल्या कूर्चांना 'तरुण' अस्थी म्हणून मोजतो. तो स्वतःच सांगतो की वेदवादी 360 म्हणतात, पण शल्यतंत्रात 300 आहेत. म्हणजे एका परंपरेचा आकडा त्याला ठाऊक होता, त्याने तो आदराने नोंदवला आणि मग आपला वेगळा आकडा दिला. काय मोजायचं याचा निकष बदलला की आकडा बदलतो, आणि काही ठिकाणी मोजणी सरळ चुकलेलीही आहे. रूडॉल्फ हर्नले यांनी 1907 साली या अस्थिगणनेवर अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या मुलांना त्या वादाचा पत्ताच नसतो, तक्ता मात्र पाठ असतो.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते गर्भाच्या वादाचं. गर्भात आधी कोणता अवयव तयार होतो, यावर चरकसंहितेत ऋषींची चक्क सभा भरली आहे. कुमारशिरा भरद्वाज म्हणतो डोकं, कांकायन म्हणतो हृदय, भद्रकाप्य म्हणतो नाभी, बडिश म्हणतो हातपाय, विदेहाचा जनक म्हणतो इंद्रियं. प्रत्येकाचं कारण दिलंय. मग मारीचि कश्यप उठतो आणि म्हणतो, हे डोळ्यांआड घडतं, त्यामुळे सांगता येणार नाही. शेवटी धन्वंतरीचं मत येतं की सगळे अवयव एकदमच होतात. सुश्रुत त्याला दृष्टांत देतो बांबूच्या कोंबाचा आणि आंब्याचा : पिकल्या आंब्यात धागा, गर, कोय वेगळे दिसतात, कोवळ्या कैरीत ते असतात पण दिसत नाहीत. आजच्या भ्रूणशास्त्राप्रमाणे सगळं एकदम होत नाही, हृदय फार लवकर धडधडू लागतं. तेव्हा धन्वंतरीचं मतही आज जसंच्या तसं टिकत नाही, असं वर्गात सांगायला अध्यापक घाबरतात. मी सांगायचो. मुलांचा आयुर्वेदावरचा विश्वास त्याने कमी झाला नाही, उलट मागच्या बाकावरची पोरंही त्या दिवशी जागी असायची. परीक्षेत मात्र विचारलं जातं ते 'गर्भाच्या अंगप्रत्यंग निर्मितीचा क्रम लिहा'. कश्यपाचं उत्तर लिहिणाऱ्याला तुम्ही किती गुण देता?

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर अंजलीचं सांगतो. चरकाने शरीरातल्या द्रवांचं माप दिलंय ते ज्याच्या त्याच्या ओंजळीने. पाणी 10 ओंजळी, रस 9, रक्त 8, असं उतरत मज्जा एक आणि मेंदू अर्धी. मी मुलांना बादली आणि मोजपात्र देऊन आपापली ओंजळ मोजायला लावायचो. ओंजळीतून पाणी गळायचं, हसाहस व्हायची, एकाची दुसऱ्याशी जुळायची नाही. मग आठाने गुणायला सांगायचो. दीड-दोन लिटरच्या आसपास उत्तर यायचं, आणि प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. "सर, चरक चुकला?" हो, आकडा चुकला. पण तिथेच चरक म्हणतो की हे प्रमाण कमीजास्त होणारं आहे आणि तर्कानेच जाणायचं आहे. ज्याचं शरीर त्याचीच ओंजळ ही कल्पना मात्र जपून ठेवण्यासारखी आहे, कारण रोग्याला दुसऱ्याच्या मापाने मोजायचं नाही हे वैद्याच्या अंगवळणी त्यातून पडतं. हे दोन्ही एका तासात शिकवता येतं. तुमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये त्यासाठी एक रिकामा चौकोन आहे आणि मुलं तो एकमेकांचं बघून भरतात.

तिसरी तक्रार समीकरणांची. वात म्हणजे मज्जासंस्था, पित्त म्हणजे पाचक रस, कफ म्हणजे लसीका. ओज म्हणजे प्रतिकारशक्ती. मर्म म्हणजे अमुक नसांचं जाळं. उत्तरपत्रिका तपासताना असली वाक्यं इतक्यांदा वाचली की हाताला आपोआप बरोबरची खूण करायची सवय लागली होती. सुश्रुताने दोषांबद्दल दिलेला दृष्टांत बघा : चंद्र, सूर्य आणि वारा जसे देऊन, घेऊन आणि हलवून जग धारण करतात, तसे कफ, पित्त आणि वात शरीर धारण करतात. यात तीन वस्तू नाहीत, तीन प्रकारची कामं आहेत. ती एकेका अवयवात कोंबली की ना धड आयुर्वेद राहतो ना धड आधुनिक शरीरक्रिया. सुश्रुताच्या लेखी हृदय म्हणजे खाली तोंड केलेलं कमळ, जागेपणी उमलणारं आणि झोपेत मिटणारं, आणि चेतनेचं स्थान. हे आजच्या अर्थाने बरोबर नाही. ते तसंच शिकवा. त्या काळच्या माणसाला हृदय असं का दिसलं असेल यावर बोला. पण कमळाच्या पाकळ्यांत झडपा शोधायला मुलांना लावू नका.

उलट जिथे खरोखर निरीक्षण आहे तिथे आपण नुसती यादी पाठ करून पुढे जातो. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातलं क्षिप्र मर्म घ्या. तिथे जखम झाली तर आक्षेपकाने मृत्यू, असं सुश्रुत लिहितो. शेतात विळा किंवा कुऱ्हाड लागण्याची ही ठरलेली जागा, आणि झटके येऊन मरण म्हणजे आजच्या डॉक्टरला पहिल्यांदा धनुर्वातच आठवेल. कुणीतरी असे रोगी शेवटपर्यंत पाहिले होते. यावर पाच मिनिटं थांबलं तर 107 मर्मांची यादी जिवंत होते. पण थांबायला वेळ कुणाला आहे? जखमेच्या परिणामावरून मर्मांचे पाच गट पाठ करायचे : सद्यःप्राणहर 19, कालांतर 33, विशल्यघ्न 3, वैकल्यकर 44, रुजाकर 8. बेरीज बरोबर आली की पुढचा प्रश्न.

चौथी गोष्ट प्रकृतीची, म्हणजे वात-पित्त-कफावरून ठरणाऱ्या माणसाच्या मूळ घडणीची. नोव्हेंबर 2024 मध्ये 'देश का प्रकृती परीक्षण' अभियान सुरू झालं, फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईत त्याचा समारोप झाला. एक कोटीहून जास्त लोकांची प्रकृती मोबाईल ॲपवर नोंदली गेली, गिनेसचे विक्रम झाले. त्यासाठी उन्हातान्हात दारोदार फिरलेल्या विद्यार्थ्यांबद्दल मला आदरच आहे. पण प्रकृती ही गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि जन्मभर राहते, असं आपण शिकवतो. रोग्याला पारखण्यासाठी चरकाने विमानस्थान या विभागात जी परीक्षा सांगितली तिच्यात प्रकृती हा दहांपैकी एक मुद्दा आहे. बाकीचे विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. यातलं संहनन, म्हणजे शरीराचा बांधा, हात लावून, दाबून बघायचं असतं. सार, म्हणजे धातूंचा कस, ओळखायला त्वचा, नखं, दात, डोळे, आवाज सगळं निरखावं लागतं. माणूस स्वतःबद्दल जी उत्तरं देतो तेवढ्यावर हे भागत नाही, कारण रात्रपाळी करणारा किंवा मधुमेह झालेला माणूस आपल्या सध्याच्या तब्येतीची उत्तरं देतो, मूळ प्रकृतीची नाही. एवढी मोठी माहिती जमवलीच आहे, तर आता त्यावर संशोधनाच्या गोष्टी होणार. त्याआधी एकच साधा प्रश्न : त्याच माणसाला दोन अनुभवी वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासलं तर ॲपचं उत्तर किती वेळा जुळतं? हा आकडा विक्रमांच्या बातमीसोबत छापून आला असता तर मला जास्त आनंद झाला असता.

पाचवी तक्रार नवी नाही. तपासणीच्या दिवशी उगवणारे आणि दुसऱ्या दिवशी अंतर्धान पावणारे अध्यापक. तुम्हालाही माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे. अळीमिळी गुपचिळी.

आता तुमची बाजू. देह मिळत नाहीत, हे खरं आहे. 1949 च्या शरीरशास्त्र कायद्याखाली बेवारस आणि दान केलेले देह महाविद्यालयांना मिळू शकतात, पण प्रत्यक्षात ते आधी वैद्यकीय महाविद्यालयांकडे जातात आणि आयुर्वेदाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. महाविद्यालयं वाढली, देहदान त्या मानाने वाढलं नाही. फॉर्मलिनचा त्रास अध्यापकांना आणि मामांना होतो, माझाही घसा त्यातच गेला. ग्रामीण भागातल्या खाजगी संस्थांना टँक, शवपेट्या, वीज, माणसं यांचा खर्च झेपत नाही. हे सगळं मान्य. पण यातलं एकही कारण 'समाधानकारक' या शेऱ्याचं समर्थन करत नाही. अडचण असेल तर तपासणी अहवालात अडचण लिहा.

आणि आपल्याच माणसांनी याहून मोठ्या अडचणींतून वाट काढली आहे. 1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा जात बुडण्याची भीती खरी होती. हे गुप्त मूळचे वैद्य, सुश्रुतसंहिता छापून काढण्याचं काम त्याच सुमारास त्यांच्याच हातून झालं. गणनाथ सेन यांनी आधुनिक शरीररचना संस्कृतात आणून 'प्रत्यक्षशारीरम्' लिहिलं. आमच्या मुंबईत यादवजी त्रिकमजी आचार्यांनी निर्णयसागर छापखान्यासाठी सुश्रुत आणि चरक यांच्या संहितांचे पाठ शुद्ध करून दिले, त्यावर आजही आपण शिकवतो. या मंडळींचे फोटो आपण हार घालून लावतो. त्यांनी प्रश्न झाकले नव्हते.

तर माझ्या मागण्या अशा :

ज्या महाविद्यालयात त्या वर्षी प्रत्यक्ष देहावर विच्छेदन झालं नाही, तिथले पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवा किंवा कमी करा. डिजिटल टेबल आणि मॉडेल पूरक साधनं म्हणूनच धरा, मान्यतेच्या तक्त्यात त्यांना देहाचा पर्याय म्हणून गुण देऊ नका. वर्षभरात किती देह मिळाले, किती विद्यार्थ्यांमागे एक देह होता, हे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जाहीर असावं. दात्यांची नावं अर्थातच नकोत.

राज्य सरकारशी बोलून जिल्हावार व्यवस्था करा, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यास झालेले अवयव आणि जास्तीचे देह जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाला मिळतील, आणि गरज पडल्यास आमची मुलं त्यांच्या हॉलमध्ये ठरलेल्या तासांना बसू शकतील. देहदानाच्या अर्जावर दात्याने आयुर्वेद महाविद्यालय लिहिलं असेल तर फोन कुणी घ्यायचा, गाडी कुणी पाठवायची, हे लेखी ठरलेलं असावं.

रचना आणि क्रिया शारीराच्या प्रश्नपत्रिकांतून 'आधुनिक मताशी साम्य दाखवा' असे साचे काढून टाका. त्याऐवजी ग्रंथांतले मतभेद विचारा, आणि जुळतं कुठे, जुळत नाही कुठे, हे दोन्ही लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या. आदर्श उत्तरपत्रिका परीक्षेनंतर जाहीर करा, म्हणजे परीक्षकांनाही दडून राहता येणार नाही.

प्रकृती परीक्षणाची प्रश्नावली, गुण देण्याची पद्धत आणि दोन वैद्यांच्या स्वतंत्र तपासणीशी ती किती जुळते याचा अभ्यास लोकांसमोर ठेवा. तोवर त्या माहितीवरून कुणाला आहार-औषधाचा सल्ला देऊ नका.

तपासणी न सांगता करा, पहिल्या वर्षाच्या मुलांशी अध्यापकांच्या गैरहजेरीत बोला, आणि अहवाल संपूर्ण प्रसिद्ध करा.

उत्तर मला टपालाने पाठवू नका. पुढच्या प्रवेशफेरीच्या आधी जाहीर द्या, म्हणजे आपल्या मुलांना बीएएमएसला घालणाऱ्या आईबापांना ते वाचता येईल. आणि ज्या महाविद्यालयांत हे सगळं नीट चालतं, तिथल्या अध्यापकांनीही लिहावं. देह कसे मिळवता, टँकचा खर्च कुठून भागवता, मुलांचे गट कसे पाडता, हे बाकीच्यांना कळू द्या.

आपला,
रचना शारीराचा एक निवृत्त अध्यापक,
सातारा जिल्हा